मॉडेलमधली गाय चौथ्या माजानंतर गप्प होते: दोष नेमका कुठे शोधायचा?

दुखणं असं आहे. गायीच्या माजचक्राचं मॉडेल लिहिलं, चालवलं. पहिलं चक्र झकास. इस्ट्रोजेन चढतं, एलएचची (बीज सोडायला लावणाऱ्या हार्मोनची) लाट येते, पीतपिंड (बीज सुटल्यावर अंडाशयात उरणारी, प्रोजेस्टेरॉन बनवणारी गाठ) तयार होतो, प्रोजेस्टेरॉन वर जाऊन खाली येतं, पुन्हा माज. दुसऱ्या चक्रात शिखरं जरा बुटकी. तिसऱ्यात आणखी. पाचव्यापर्यंत सगळ्या रेषा आडव्या पडलेल्या. एखादा पॅरामीटर हलवला की एक-दोन चक्रं वाढवून मिळतात, मग पुन्हा तीच रड. मी तीनदा "सुटलं एकदाचं" म्हणून लॅपटॉप मिटला आणि तिन्ही वेळा पुढच्या रविवारी रेषा आडवीच.

मी नाशिकला दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढते. हे मॉडेल मात्र घरचं. निफाड तालुक्यात दादाची द्राक्षबाग आहे आणि शेजारी सहा संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गायींचा गोठा. त्याला हवं होतं एवढंच, की पुढचा माज कुठल्या दिवसांत येईल ते आधी कळावं. मला वाटलं, दोन सुट्ट्यांचं काम. दिवाळीत सुरू केलं, होळी आली.

मॉडेल अगदी लहान आहे. पाच कप्पे: जीएनआरएच (मेंदूतून एलएचला हुकूम सोडणारं हार्मोन), फॉलिकल (बीज ज्यात वाढतं ती अंडाशयातली पुटकुळी; इस्ट्रोजेन त्यातच धरलंय), एलएच, पीतपिंड आणि प्रोजेस्टेरॉन. प्रत्येक कप्पा पुढच्याला ढकलतो. शेवटचं प्रोजेस्टेरॉन पहिल्या जीएनआरएचला दाबतं. दाबण्याचं काम हिल फंक्शन करतं (घातांक जेवढा मोठा तेवढा दाब एकदम चढतो असं सूत्र), त्याचा घातांक मी ४ धरला होता. याहून मोठं हवं असेल तर आहेच: नेदरलँड्समधलं वाखेनिंगेन आणि बर्लिन इथल्या संशोधकांनी २०११ साली १२ समीकरणांचं आणि ५४ पॅरामीटरचं मॉडेल प्रसिद्ध केलं. त्यात २१ दिवसांचं चक्र येतं आणि दर चक्रात फॉलिकलच्या तीन लाटा. पण माझ्याकडे दादाच्या कॅलेंडरवरची १९ अंतरं. १९ आकड्यांवर ५४ पॅरामीटर बसवायला गेलं तर काहीही बसतं, आणि जे कशावरही बसतं त्याचा गोठ्यात उपयोग नाही.

तर आडवी रेषा दिसली की पॅरामीटरला हात लावायच्या आधी एकच विचारायचं: ही रेषा कुणाची? संगणकाची, समीकरणाची की गायीची? तिघांची औषधं वेगळी आहेत आणि एकाचं दुसऱ्याला दिलं की महिने जातात.

संगणकाची झडती

हे सगळ्यात सोपं, म्हणून आधी. सॉल्व्हरची (समीकरणं पावलापावलानं सोडवणाऱ्या प्रोग्रामची) अचूकता हजारपट कडक करा आणि तेच गणित पुन्हा चालवा. पायथॉनच्या सायपाय या गणिती लायब्ररीतला नेहमीचा सॉल्व्हर आपण काही सांगितलं नाही तर सापेक्ष चूक हजारात एक एवढी चालवून घेतो; ती दहा लाखांत एक करा. रेषा आडवी व्हायचा दिवस सरकला, तर दोष संगणकाचा. माझा तसूभर हलला नाही. (ज्यांनी स्वतःच्या हातानं ऑयलरची पद्धत लिहिली आहे त्यांनी जपून. साधा पुढे जाणारा ऑयलर झोका (रेषेचं वरखाली होणं) उगाच वाढवतो आणि मागून येणारा ऑयलर मोठ्या पावलांनी चालवला तर चांगला चालता झोका मारून टाकतो. दोन्हीत गाय निर्दोष.)

एककं बघा. प्रोजेस्टेरॉन मिलिलिटरला नॅनोग्रॅममध्ये मोजतात, इस्ट्रोजेन पिकोग्रॅममध्ये. कुणी शिस्तीत सगळं ग्रॅममध्ये आणलं तर आकडे इतके बारीक होतात, की सॉल्व्हर ज्याला "शून्यच समजा" म्हणतो त्याच्याही खाली जातात. मग तो डोळे मिटून पुढे जातो आणि चूक झाली असं सांगतही नाही. प्रत्येक हार्मोन त्याच्या स्वतःच्या कमाल पातळीनं भागून ० ते १ मध्ये आणलं की ही भानगड मिटते.

अर्धायुष्यावरून (हार्मोन निम्मं व्हायला लागणाऱ्या वेळावरून) वेग काढताना ०.६९३ भागिले अर्धायुष्य करायचं असतं. घाईत १ भागिले अर्धायुष्य लिहिलं की हार्मोन ४४ टक्के जास्त वेगानं निचरतं. तासाचा वेग दिवसाच्या समीकरणात घातला तर चोवीसपट घोळ, पण तो लगेच दिसतो. ४४ टक्क्यांचा दिसत नाही, तोच जास्त छळतो.

आणखी एक गंमत. माझ्या एका आवृत्तीत एलएचची लाट एका चक्रात दिसायची, पुढच्यात गायब. दोन संध्याकाळी समीकरणं उलटीपालटी केली. गणित बरोबरच होतं. मी आलेखासाठी दिवसाला एकच बिंदू काढत होते. एलएचची लाट फार तर आठ-दहा तासांची. मॉडेलचं चक्र होतं साडेवीस दिवसांचं, म्हणून एकदा लाट माझ्या बिंदूवर यायची, एकदा दोन बिंदूंच्या मधून निसटायची. दर तासाला एक बिंदू काढला, सगळ्या लाटा हजर. ही चूक लक्षात ठेवा, ती पुढे गोठ्यातही भेटणार आहे.

मॉडेलमधल्या गायीला इंजेक्शन द्यायचं असेल तर सॉल्व्हरवर विसंबू नका. सगळं शांत असताना तो मोठी पावलं टाकतो आणि चार-सहा तासांचा डोस ओलांडून जातो. गणित इंजेक्शनच्या क्षणाला थांबवा, डोस त्या कप्प्यात मिळवा आणि तिथून नव्यानं सुरू करा.

समीकरणाची चूक

संगणक सुटला. आता शिखरांच्या उंच्या लिहून काढा, पण आडव्या पातळीपासून मोजलेल्या. माझ्या अशा होत्या: १, ०.६२, ०.३९, ०.२४. प्रत्येक उंची आधीच्या उंचीच्या ६२ टक्के, दर वेळी तेवढीच. असं ठरावीक गुणोत्तर दिसलं, की झोका विझतोय हे समीकरणातच लिहिलेलं आहे. सुरुवातीचे आकडे कितीही बदला, पहिला झोका मोठा मिळेल, विझणार मात्र त्याच चालीनं. बागेतल्या झोक्याला जोरात ढकलून काय होणार, मधून पाय मारणारं कुणी नसेल तर?

पाय मारणारा म्हणजे इथे त्या दाबण्याचा तिखटपणा, हिल फंक्शनचा घातांक. त्याचा एक हिशेब आहे आणि तो मला कुणी आधी सांगितला असता तर माझी होळी वाचली असती. साखळीत सगळे कप्पे एकाच वेगानं निचरत असतील आणि दाबणारी कडी एकच असेल, तर १८० अंशांना कप्प्यांच्या संख्येनं भागा, त्या कोनाचा सेकंट (१ भागिले कोसाइन) घ्या आणि त्याचा कप्प्यांइतका घात करा. घातांक त्या आकड्याच्या वर नसेल तर झोका टिकणार नाही. तीन कप्प्यांना ८ येतात (ग्रिफिथ या संशोधकांनी हे १९६८ मध्येच दाखवलं होतं), चार कप्प्यांना ४, पाचांना २.९, सहांना २.४. दोन कप्प्यांना ९० अंशांचा सेकंट, म्हणजे घातांक कितीही घ्या, झोका टिकणारच नाही. "फक्त इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन" असं दोन ओळींचं मॉडेल करून ते का विझतं म्हणून डोकं धरणाऱ्यांना एवढं उत्तर पुरे.

साखळी लांब असली की निरोप उशिरा पोचतो, आणि उशीर झाला की झोक्याला मऊ धक्काही पुरतो. गायीत हा उशीर खरोखर आहे, त्याच्याकडे येतेच.

आता अडचण बघा. माझे कप्पे पाच, घातांक ४. लागतो २.९ हून जास्त. मग झोका टिकायला हवा होता! सुरुवातीला टिकलाही होता, २१ दिवसांच्या चक्रानं महिनोन् महिने चालत होता. विझायला लागला तो मी दादाच्या नोंदी त्यावर बसवल्यावर.

वरच्या हिशेबातली बारीक अट म्हणजे "सगळे कप्पे एकाच वेगानं". वेग जेवढे विषम, तेवढा तिखटपणा जास्त लागतो. दादाच्या १९ अंतरांची सरासरी निघाली साडेसत्तावीस दिवस. मॉडेलचं चक्र २१ वरून तिथवर ताणायला मी पीतपिंडाचा निचरा हळू केला, जवळजवळ पावपट. चक्र जमलं. पण कागदावर पुन्हा मांडलं तेव्हा दिसलं, की त्या एका बदलानं लागणारा तिखटपणा २.९ वरून जवळजवळ ४ वर गेला होता. माझा घातांक ४, आणि प्रत्यक्षात मिळणारा तिखटपणा घातांकापेक्षा नेहमी कमीच असतो. म्हणजे झोका मी माझ्याच हातानं मारला होता, साडेसत्तावीस गाठायला.

घातांक १० करून रेषा पुन्हा जिवंत करता आली असती. तसं एकदा केलंही. वर ज्याला "सुटलं" म्हटलं त्यातलं ते दुसरं. पण साडेसत्तावीस दिवसांनी माजावर येणारी गाय दादानं तरी कुठे पाहिली होती?

कॅलेंडर

गायीचं चक्र सरासरी २१ दिवसांचं, १८ ते २४ मध्ये बहुतेक सगळ्या येतात. चक्रात फॉलिकलच्या दोन लाटा असल्या तर जरा आखूड, तीन असल्या तर एक-दोन दिवस लांब. साडेसत्तावीस कुठून आले ते बघायला मी शेवटी निफाडला गेले आणि गोठ्याच्या खांबावरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढून मांडीवर घेतलं. एकाच चौकोनात निळ्या पेनानं "चां. माज" (चां. म्हणजे चांदी गाय), खाली "बोर्डो", त्याच्या कडेला "डिपिंग १", आणि यावर शेणाचा अंगठा. द्राक्षाची फवारणी आणि गायीचा माज एकाच पेनानं.

अंतरं वेगळी काढली. ११ अंतरं १८ ते २४ मधली. पाच ४० ते ४४ मधली. दोन ९-१० दिवसांची. एक ६३. त्यांची सरासरी साडेसत्तावीस येते खरी, पण त्या आकड्याच्या आसपास एकही अंतर नाही. ४२ म्हणजे लांब चक्र नव्हे, मधला माज कुणी पाहिला नाही एवढंच. आणि त्या पाचांतली चार ऑक्टोबर-नोव्हेंबरमधली.

"दादा, ऑक्टोबरात गायींचं चक्र दुप्पट होतं का रे?"

"गायींचं कशाला होईल? छाटणीत आम्ही घरी असतो कुठं? सहाला बागेत, अंधार पडल्यावर धारा. तुझी वहिनी एकटी धारा काढील का माज बघत बसंल?"

बागेत ऑक्टोबर छाटणी, मग पेस्ट, मग फुटवे, मग डिपिंग, एकामागून एक कामं. माज टिकतो १२ ते १८ तास, आणि भरपूर दूध देणाऱ्या गायीत त्याच्याही निम्म्यावर येऊ शकतो, कारण जास्त खाणाऱ्या गायीच्या यकृतातून रक्त जोरात फिरतं आणि इस्ट्रोजेन तिथेच लवकर निचरतं. त्यातून माजाची खूण म्हणजे दुसरीवर उडणं, उडू देणं, ते बरंचसं रात्री. दिवसातून एकदा, तेही अंधारात बॅटरी घेऊन पाहणारा माणूस म्हणजे माझा तो दिवसाला एक बिंदू काढणारा आलेख. लाट येऊन गेली, बिंदूवर आली नाही.

तर मॉडेल नोंदींवर बसवण्याआधी नोंदींची सरासरी काढू नका. २१ च्या पटीतली अंतरं त्या त्या पटीनं भागा, किंवा सरळ मधला आकडा घ्या. माझ्या १९ अंतरांचा मधला आकडा २१ च आला. ९-१० दिवसांची अंतरं बाहेर ठेवा, त्यांतला एक माज बहुतेक खोटा असतो. २५ ते ३५ मधलं अंतर आलं आणि मधे गाय भरवलेली (रेतन केलेली) असेल, तर ते चक्र नाही, राहिलेला गर्भ उशिरा गेल्याची शक्यता आहे. तेही मॉडेलच्या तोंडी देऊ नका.

पीतपिंडाचा वेग पूर्ववत केला, घातांक ४ वरच ठेवला. झोका टिकला.

राहिलेलं गर्भाशय

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण मॉडेल खरं बोलतंय का हे बघायची एक चाचणी आहे आणि त्यात माझं पाच कप्प्यांचं मॉडेल साफ नापास झालं. माजानंतर तिसऱ्या दिवशी प्रोस्टाग्लँडिनचं (पीतपिंड विरघळवणाऱ्या हार्मोनचं) इंजेक्शन द्या: काही घडता कामा नये, कारण पीतपिंड पाच दिवसांचा होईपर्यंत त्याला दाद देत नाही. तेच दहाव्या दिवशी द्या: पीतपिंड विरघळून २ ते ५ दिवसांत माज यायला हवा. माझ्या मॉडेलला प्रोस्टाग्लँडिन कुठे घालायचं तेच कळेना. गर्भाशयच नव्हतं.

गायीत पीतपिंडाला मारणारा निरोप गर्भाशयातून येतो. प्रोजेस्टेरॉन दहा-बारा दिवस गर्भाशयावर काम करतं, मग तिथे ऑक्सिटोसिन या हार्मोनला दाद देणारी ग्राहकं तयार होतात, आणि १६-१७ व्या दिवसाच्या सुमारास प्रोस्टाग्लँडिनचे झटके सुरू होतात. म्हणजे पीतपिंड स्वतःच्या प्रोजेस्टेरॉननं स्वतःचीच सुपारी देतो, फक्त तारीख पंधरवड्यानंतरची. वर म्हटलेला उशीर तो हाच. त्याच दिवसांत पोटात गर्भ असेल तर तो इंटरफेरॉन टाऊ नावाचं प्रथिन सोडून हा निरोप अडवतो आणि पीतपिंड जगतो.

मी सहावा कप्पा गर्भाशयाचा घातला आणि पीतपिंडावर प्रोस्टाग्लँडिनचा परिणाम त्याच्या वयाला बांधला. आता दाबणाऱ्या कड्या दोन झाल्या, त्यामुळे सेकंटचा हिशेब जसाच्या तसा लागत नाही, पण चक्र अधिक घट्ट झालं. घातांक ३ वर आणला तरी टिकतं. चाचणी तिसऱ्या दिवशीही पास, दहाव्या दिवशीही. (हे इंजेक्शन लॅपटॉपमधल्या गायीचं. गोठ्यातल्या गायीला ते डॉक्टरांनी तपासल्याशिवाय नको. गाभण निघाली तर गर्भ पडतो.)

हे सगळं करूनही रेषा आडवी राहत असेल तर दाबणाऱ्या कडीचं चिन्ह बघा. उण्याच्या जागी अधिक पडलेलं असतं. माझं ते तिसरं "सुटलं".

आडवी रेषा खरी असते तेव्हा

नुकती व्यालेली, दुधाच्या जोरावर असलेली गाय खाते त्यापेक्षा जास्त दुधात घालवते. अंगातली ऊर्जा उणे असते, एलएचचे ठोके मंदावतात, फॉलिकल वाढतं पण फुटत नाही. प्रोजेस्टेरॉनची रेषा आठवडेच्या आठवडे आडवी. मॉडेलमध्ये एलएचचा जोर कमी केला की हेच दिसतं, आणि ते दिसायलाच हवं.

मग बिघाड आणि खरी गाय यांत फरक कसा ओळखायचा? फॉलिकलकडे बघा. खऱ्या गायीत माज बंद असला तरी फॉलिकलच्या लाटा चालू असतात, आठ-दहा दिवसांनी एक उठते, विरते, दुसरी उठते. प्रोजेस्टेरॉन आडवं पण फॉलिकल हलतंय, तर मॉडेलला हात लावू नका. गायीच्या खुराकाकडे, खनिज मिश्रणाकडे बघा. सगळेच कप्पे एकदम आडवे, तर तुमचा बिघाड. माझ्या लहान मॉडेलमध्ये फॉलिकलच्या वेगळ्या लाटा नाहीत, म्हणून त्यापुरतं मला हे ओळखता येत नाही आणि मी दादाला व्यायल्यापासून पहिल्या दोन महिन्यांचा अंदाज देतच नाही. लाटा हव्या असतील त्यांनी एफएसएच (फॉलिकल वाढवणारं हार्मोन) आणि इनहिबिन (त्याला दाबणारं) यांची जोडी घालावी, तिथून काम वाढतं.

सध्या गोठ्यात दोन पेनं आहेत, माजासाठी लाल. मॉडेल फोनवर फक्त "या चार दिवसांत बघ" एवढंच सांगतं, आणि छाटणीच्या दिवसांत त्या चार रात्री दादा जेवण झाल्यावर एक चक्कर मारतो. सकाळी उडताना दिसली तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी. हा नियम त्याला मॉडेलच्या आधीपासून पाठ आहे.

चांदीचं ते ६३ तेवढं उरलंय. मधले दोन माज हुकले, की मधे भरवलेली राहिली आणि गर्भ गेला? त्या महिन्याच्या पानावर दादानं "डॉ. आले" एवढंच लिहिलंय, कशाला ते नाही. वहिनी म्हणते भरवली होती, दादा म्हणतो ती दुसरी गाय. फिटिंगमधून तो आकडा मी काढून ठेवलाय.